विद्यार्थ्यांचा वेश, संस्थेचा आदेश आणि अनुच्छेद १९

रायपूर : छत्तीसगडमध्ये जूनच्या मध्यास शाळा उघडतात, तेव्हा पुस्तकांबरोबरच गणवेशाच्या गठ्ठ्यांचीही वाहतूक सुरू होते. राज्याच्या शासकीय शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना गणवेश विनामूल्य मिळतो. त्याचे कापड राज्याच्या हातमाग सहकारी संघामार्फत विणले जाते आणि शिलाईचे काम महिला बचत गटांकडे असते. विणकराला मजुरी, शिवणाऱ्या महिलेला रोजगार आणि मुलाला अंगभर कपडे, असा हा तिहेरी हिशेब आहे. गणवेशाविषयी बोलताना ही बाजू विसरून चालत नाही. ज्या वर्गात एका मुलाचे वडील अधिकारी आहेत आणि दुसऱ्याचे मजूर, तेथे सारख्या सदऱ्याने पुष्कळ गोष्टी झाकल्या जातात.

मात्र गणवेश केवळ झाकतो असे नाही, तो बोलतोही. पश्चिम बंगाल सरकारने २०२२ मध्ये शासकीय शाळांसाठी निळा-पांढरा गणवेश ठरवला आणि त्यावर ‘विश्व बांगला’ हे बोधचिन्ह लावण्याचे ठरवले, तेव्हा विरोधकांनी हे चिन्ह मुलांच्या छातीवर कशासाठी, असा प्रश्न केला. राजस्थानात २०१७ मध्ये विद्यार्थिनींना देण्यात येणाऱ्या सायकलींचा रंग भगवा झाला, सत्तांतरानंतर तो काळा झाला आणि २०२४ मध्ये पुन्हा भगवा झाला. महाराष्ट्रातील ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेचे काय झाले, हे पालकांना नव्याने सांगायला नको. २०२३ मध्ये घोषणा झाली, २०२४ च्या शैक्षणिक वर्षात कापडखरेदी मध्यवर्ती पद्धतीने झाली, गणवेश उशिरा आले, मापे चुकली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्यात आले.

या सर्व प्रसंगांत विद्यार्थ्याच्या अंगावरून बोलणारे सरकार होते. विद्यार्थी स्वतः आपल्या वेशातून काही सांगू पाहील, तर त्याला तो अधिकार आहे काय, हा प्रश्न भारतात क्वचितच सरळ विचारला गेला. न्यायालयांपुढे तो आला तो कधी धर्माच्या रूपाने, कधी शिस्तीच्या रूपाने. अभिव्यक्ती म्हणून त्याचा विचार झाला तरी बहुधा ओझरता. विशेष म्हणजे, या प्रश्नाच्या उत्तराचा पाया छत्तीसगडमध्येच घातला गेलेला आहे.

रायगडचा ध्वज

रायपूरहून रेल्वेने सुमारे अडीचशे किलोमीटरवर रायगड आहे. महाराष्ट्रातील किल्ल्याचे हे नामसाधर्म्य वाचकाला क्षणभर फसवते, पण हे पोलाद आणि कोळशाचे गाव. हा भाग मध्य प्रदेशात होता त्या काळात, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात, येथील आपल्या कारखान्यावर उद्योगपती नवीन जिंदल यांनी राष्ट्रध्वज फडकवला. सामान्य नागरिकाला असा ध्वज रोज लावता येणार नाही, ध्वजसंहितेत तशी मुभा नाही, अशी हरकत बिलासपूरच्या आयुक्तांनी घेतली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले.

२३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालात दोन गोष्टी आहेत. आदराने ध्वज फडकवणे ही राष्ट्राविषयीच्या भावनेची अभिव्यक्ती असून तिला अनुच्छेद १९ (१) (अ) चे संरक्षण आहे, ही पहिली. दुसरी गोष्ट अधिक दूरगामी ठरते. ध्वजसंहिता हे सरकारने घालून दिलेले मार्गदर्शन आहे, संविधानाच्या अर्थाने तो ‘कायदा’ नव्हे. नागरिकांनी तिचे पालन करावे हे योग्यच, परंतु मूलभूत अधिकारावर निर्बंध आणायचा तर तो कायद्यानेच आणावा लागेल.

या निकालानंतर २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली. ध्वज कमरेखालच्या वस्त्रावर नको, उश्यांवर, हातरुमालांवर, अंतर्वस्त्रांवर नको, अशी नेमकी यादीच त्यात आहे. कपड्यावरील चिन्हाविषयी काय चालेल आणि काय चालणार नाही, हे संसदेने स्वतः लिहून ठेवल्याची उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत. हे त्यांतले एक. कुणाला ती मर्यादा जाचक वाटेल, कुणाला सैल. पण ती कोणी आखली, कशी आखली आणि तिच्याविरुद्ध दाद कोठे मागायची, हे सर्वांना ठाऊक आहे.

चिन्ह हे बोलणे असते, हे या प्रांताला त्याच्या कितीतरी आधी कळलेले होते. रायपूर ज्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा भाग होते, त्याची राजधानी नागपूर. तेथे १९२३ मध्ये झेंडा सत्याग्रह झाला आणि केवळ झेंडा हाती घेऊन ठरावीक रस्त्याने चालल्याबद्दल दीड हजारांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. पुढे २०१४ मध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वेशभूषेचा उल्लेखच केला. आपली लिंगओळख शब्दांतून, वागण्यातून आणि पेहरावातून व्यक्त करणे हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांच्या खंडपीठाने म्हटले. तेव्हा वेश ही अभिव्यक्ती असू शकते काय, हा वाद तत्त्वतः मिटलेला आहे. शाळेच्या फाटकापाशी मात्र तो पुन्हा उभा राहतो.

गाणारे आणि न गाणारे

मराठी मुलखाने या विषयाचा एक अध्याय १९३८ मध्येच पाहिला. निजामाच्या राजवटीत औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी मनाई केली, विद्यार्थ्यांनी ऐकले नाही. हे लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात पोहोचले आणि शेकडो विद्यार्थ्यांना संस्थांबाहेर काढण्यात आले. त्यांच्यासाठी दार उघडले ते नागपूर विद्यापीठाने. कुलगुरू केदार यांनी या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव यांचे नावही या विद्यार्थ्यांत घेतले जाते. एका संस्थेने ज्याला बेशिस्त म्हटले, ते दुसरीने प्रवेशाच्या आड येऊ दिले नाही.

त्यानंतर ४७ वर्षांनी, स्वतंत्र भारतात, नेमका उलटा प्रसंग घडला. केरळमधील किडंगूर येथील शाळेत ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. कित्येक दिवस कुणाला त्याचे काही वाटले नव्हते. एका आमदाराने विधानसभेत प्रश्न उपस्थित केला आणि चौकशी झाली. मुलांचे वर्तन चांगले आहे, त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. तरीही शिक्षण विभागाच्या सूचनेवरून २६ जुलै १९८५ रोजी तिघांना शाळेतून काढण्यात आले.

उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या खंडपीठाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी मुलांच्या बाजूने निकाल दिला. हा निकाल सहसा सहिष्णुतेच्या गौरवासाठी आठवला जातो. परंतु त्याचा कायदेशीर कणा निराळा आहे. ज्या परिपत्रकांच्या आधारे कारवाई झाली, ती खात्याची अंतर्गत परिपत्रके होती. त्यांना कोणत्याही कायद्याचे बळ नव्हते. म्हणून ती अनुच्छेद १९ (२) च्या अर्थाने कायदा ठरत नाहीत आणि त्यांच्या आधारे मुलांचे मौन मोडता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. अठरा वर्षांनी रायगडच्या ध्वजाबाबत जे सांगितले गेले, तेच येथे शाळेच्या प्रार्थनेबाबत सांगितलेले आहे.

औरंगाबादच्या मुलांना गाण्याबद्दल शिक्षा झाली, किडंगूरच्या मुलांना न गाण्याबद्दल. या दोन प्रसंगांत गीते वेगळी, राजवटी वेगळ्या, मुलांचे धर्म वेगळे. संस्थेचा युक्तिवाद मात्र एकच होता : शिस्त.

तीन रंगांच्या शाली

यानंतर या विषयाला जे वळण लागले, ते कर्नाटकात. उडुपीच्या शासकीय पदवीपूर्व महाविद्यालयात डिसेंबर २०२१ मध्ये हिजाब घातलेल्या विद्यार्थिनींना वर्गात बसू देण्यावरून वाद सुरू झाला. त्याला उत्तर म्हणून अनेक ठिकाणी विद्यार्थी भगव्या शाली पांघरून आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये चिक्कमगळूर येथे काही दलित विद्यार्थी निळ्या शाली घेऊन हिजाबच्या समर्थनार्थ उभे राहिले.

या शालींकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, असे आता मागे वळून पाहताना वाटते. हिजाब ही श्रद्धेची बाब आहे असे तो घालणाऱ्या मुली म्हणत होत्या. भगवी शाल मात्र त्या आठवड्यापुरती आली होती. ती शुद्ध अर्थाने निषेधाचे वस्त्र होती. निळी शाल तर दुसऱ्याच्या हक्कासाठी पांघरलेली होती. म्हणजे एकाच आवारात श्रद्धा, प्रतिवाद आणि पाठिंबा या तीन वेगवेगळ्या गोष्टी कापडातून बोलल्या जात होत्या. उच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी २०२२ च्या अंतरिम आदेशात वर्गामध्ये हिजाब आणि भगव्या शाली, दोन्हींना मनाई केली. शांतता राखण्यासाठी तो आदेश समजण्याजोगा होता. मात्र त्यामुळे वेगवेगळ्या प्रकारच्या अभिव्यक्ती एकाच गठ्ठ्यात बांधल्या गेल्या आणि पुढची सुनावणी प्रामुख्याने एकाच मुद्द्यावर रेंगाळली : हिजाब इस्लाममध्ये अत्यावश्यक आहे की नाही.

१५ मार्च २०२२ रोजी पूर्णपीठाने तो अत्यावश्यक नसल्याचा निर्वाळा दिला आणि ५ फेब्रुवारीचा शासकीय आदेश कायम केला. शाळा ही मर्यादित अर्थानेच सार्वजनिक जागा आहे, तेथे मूलभूत अधिकार पूर्ण तीव्रतेने लागू होत नाहीत, अशी त्या निकालाची भूमिका होती. दक्षिण आफ्रिकेच्या संवैधानिक न्यायालयाने २००७ मध्ये डर्बनच्या एका शाळेतील तमिळ हिंदू मुलीला नाकात चमकी घालण्याची मुभा असायला हवी होती, असा निकाल दिला होता. त्याचा दाखला दिला गेला, तेव्हा चमकी डोळ्यांना जेमतेम दिसते, असा फरक कर्नाटकच्या निकालात करण्यात आला. स्वातंत्र्य वस्तूच्या आकारावर अवलंबून कसे, हे मात्र त्यातून नीट उलगडत नाही.

सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांनी सरकारी आदेश वैध ठरवला. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी किडंगूरच्या निकालाचा आधार घेत तो रद्दबातल ठरवला; धर्मात काय अत्यावश्यक आहे या वादात शिरण्याचे कारणच नव्हते, हा प्रश्न निवडीचा आणि मुलींच्या शिक्षणाचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्यात आले.

चेंबूरच्या दोन सूचना

मुंबईत चेंबूर येथील आचार्य आणि मराठे महाविद्यालयाने २०२४ मध्ये जे केले, त्यामुळे हा विषय हिजाबपुरता नाही हे स्पष्ट झाले. बुरखा, नकाब, हिजाब, टोपी, बिल्ला, स्टोल अशा धर्मदर्शक वस्तू आवारात चालणार नाहीत, वेश औपचारिक आणि सभ्य असावा, अशी सूचना महाविद्यालयाने काढली. नऊ विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ रोजी न्यायमूर्ती चांदूरकर आणि न्यायमूर्ती पाटील यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली. वेशसंहिता सर्वांना सारखी लागू आहे, विद्यार्थ्यांचा धर्म उघड होऊ नये आणि त्यांचे लक्ष अभ्यासावर राहावे हा तिचा हेतू आहे, संस्थेला प्रशासनाचा अधिकार आहे, असे न्यायालयाने म्हटले. अनुच्छेद १९ चा मुद्दा याचिकेत होता. तो थोडक्यात निकाली निघाला.

दुसऱ्याच दिवशी महाविद्यालयाची आणखी एक सूचना आली. फाटक्या जीन्स, टी-शर्ट, जर्सी आणि अंगप्रदर्शन करणारे कपडे यांनाही बंदी. टी-शर्टवर काय लिहिले आहे याचा प्रश्नच नाही, टी-शर्टच नको. धर्मदर्शक वस्तूंपासून निघालेली बंदी दोन पावलांत रोजच्या कपड्यांपर्यंत आली. ज्यांना पहिल्या बंदीत आपला काही संबंध दिसत नव्हता, अशा विद्यार्थ्यांच्या कपाटापर्यंत ती पोहोचली.

सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी पहिल्या सूचनेला अंशतः स्थगिती दिली. हिजाब, टोपी आणि बिल्ला यांवरील बंदी थांबवली. वर्गात बुरखा आणि नकाब यांना मात्र मुभा दिली नाही. सुनावणीत न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि न्यायमूर्ती संजय कुमार यांच्या खंडपीठाने विचारलेले प्रश्न बोलके होते. टिळा आणि टिकली यांवरही बंदी घालणार काय? विद्यार्थ्यांच्या नावांवरून धर्म कळत नाही काय? नियम सर्वांना सारखा आहे, हे म्हणणे आणि तो सर्वांवर सारखा पडणे, यांतील अंतर या प्रश्नांनी दाखवून दिले.

मनगटावरचे धागे

येथपर्यंतची उदाहरणे पाहून विद्यार्थ्याला हवे ते घालू द्यावे, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तमिळनाडूच्या दक्षिणेकडील शाळा तसे करू देत नाहीत. तेथे कित्येक वर्षांपासून मुले मनगटावर रंगीत धागे आणि पट्ट्या बांधून येतात आणि रंगावरून जात ओळखता येते. कोण आपला, कोण परका, कुणाशी खेळायचे, कुणाला मारायचे, हे त्या रंगावरून ठरते. शालेय शिक्षण विभागाने २०१९ मध्ये परिपत्रक काढून या पट्ट्यांना आळा घालण्यास सांगितले, तेव्हाही धर्माच्या नावाने विरोध झाला.

९ ऑगस्ट २०२३ रोजी तिरुनेलवेली जिल्ह्यातील नांगुनेरी येथे एका दलित शाळकरी मुलावर आणि त्याच्या बहिणीवर घरात घुसून कोयत्याने वार करण्यात आले. हल्लेखोरांत त्याच्याच शाळेतील मुले होती. त्यानंतर नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांच्या समितीने जून २०२४ मध्ये अहवाल दिला. रंगीत पट्ट्या, अंगठ्या आणि कपाळावरील खुणा यांना शाळेत मनाई करावी, ही त्यातील एक शिफारस. तिच्यावर टीका झाली, आणि कपाळावरील खुणांचा समावेश सरसकट असल्याने ती सर्वस्वी अनाठायी होती असेही नाही. तथापि मनगटावरचा धागा हे ‘मत’ आहे म्हणून त्याला हात लावू नये, असे म्हणणाऱ्याने नांगुनेरीच्या त्या घरात काय झाले ते आधी वाचावे. तेथे एका मुलाची अभिव्यक्ती दुसऱ्याला शाळेत येण्याची भीती घालत होती. चंद्रू समितीने केवळ परिपत्रकावर न थांबता सामाजिक समावेशनासाठी स्वतंत्र कायदा करण्याची शिफारसही केली, हे येथे महत्त्वाचे.

फरक कोठे करायचा, यासाठी जगात सर्वाधिक उद्धृत केला जाणारा निकाल अमेरिकेचा आहे. आयोवा राज्यातील डे मॉइन शहरात डिसेंबर १९६५ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काही शाळकरी मुले दंडावर काळी फीत बांधून आली आणि निलंबित झाली. २४ फेब्रुवारी १९६९ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मुलांना न्याय दिला. विद्यार्थी शाळेत शिरताना आपले अधिकार बाहेर ठेवून येत नाही. शाळेचे काम प्रत्यक्ष बिघडत असेल किंवा इतरांच्या हक्कांवर आक्रमण होत असेल, तरच त्याला अडवता येईल, असा तो निकष. याच शाळांनी इतर राजकीय बिल्ले चालवून घेतले होते आणि काळी फीतच तेवढी वर्ज्य ठरवली होती, या गोष्टीला न्यायमूर्ती फोर्टास यांनी विशेष महत्त्व दिले.

हा निकष वाटतो तितका नितळ नाही. मॅसॅच्युसेट्समधील मिडलबरो येथे २०२३ मध्ये सातवीतील एक मुलगा ‘लिंगे दोनच आहेत’ असे लिहिलेला टी-शर्ट घालून आला. शाळेने तो बदलण्यास सांगितले. तृतीयपंथी विद्यार्थ्यांना त्याने अपमानित वाटेल, हे शाळेचे कारण. गोंधळ तर झालाच नाही, हे मुलाचे उत्तर. अपील न्यायालयाने जून २०२४ मध्ये शाळेचा निर्णय उचलून धरला आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये प्रकरण ऐकण्यास नकार दिला. न्यायमूर्ती अलिटो आणि थॉमस यांनी त्याविरुद्ध मत नोंदवले. काळ्या फितीच्या देशातही छापील वाक्याचा प्रश्न सुटलेला नाही. फ्रान्सने निराळा मार्ग घेतला आणि शासकीय शाळांत ठळक धार्मिक चिन्हांना मनाई करणारा कायदा २००४ मध्ये संसदेत केला. तो अनेकांना अन्यायकारक वाटतो. पण तो कायदा आहे, सूचनाफलकावरचा कागद नव्हे.

भारतीय संविधानाची भाषा या बाबतीत पुरेशी नेमकी आहे. देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याची चिथावणी, एवढ्याच कारणांसाठी आणि तेही कायद्याने वाजवी निर्बंध घालता येतात. लहान मुलांसाठी सर्वांना सारखा गणवेश ठरवणे या चौकटीत सहज बसू शकते, कारण त्यात एखादे मत निवडून बाजूला काढलेले नसते. मनगटावरचे जातीचे धागेही सुव्यवस्थेच्या कारणात बसतात. संस्थेला न आवडणारे एखादे चिन्ह तेवढे वगळणे हे मात्र गणवेशाच्या नावाखाली मताची छाननी करणे होय, आणि त्याला या यादीत जागा सापडत नाही.

नवा रायपूर आणि काळा रंग

हा भेद सर्वांत धूसर होतो तो प्रौढ विद्यार्थ्यांच्या बाबतीत. माजी सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांचे शालेय शिक्षण रायपूरच्या शासकीय हायस्कूलमध्ये झाले, महाविद्यालयीन शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजमध्ये. त्यांच्या नावाचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ नवा रायपूरमध्ये आहे. ऑगस्ट २०१८ च्या अखेरीस तेथील विद्यार्थी रात्री आवारात जमले. उच्च न्यायालयाने कुलगुरूंची मुदतवाढ रद्द केल्यानंतर सुरू झालेले हे आंदोलन केवळ एका पदापुरते नव्हते. वसतिगृहात परतण्याची वेळ, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे, विद्यार्थिनींच्या वागण्यावर ठेवली जाणारी पाळत, हे त्यांचे मुद्दे होते. उपोषणापर्यंत ताणलेले हे प्रकरण ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंच्या राजीनाम्याने निवळले.

मतदानाचा अधिकार असलेल्या आणि उद्या न्यायालयात इतरांच्या स्वातंत्र्यासाठी उभे राहायच्या या तरुणांना रात्री किती वाजता खोलीत असावे हे विचारावे लागत होते. शाळकरी मुलांसाठी असलेले पालकत्वाचे तत्त्व विद्यापीठे आपल्या विद्यार्थ्यांनाही लावतात. वेशसंहिता हा त्याचाच एक भाग असतो. चेंबूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थिनीही पदवी अभ्यासक्रमाच्याच होत्या.

विद्यापीठांत याचे सर्वांत ठळक रूप दिसते ते पाहुणे येतात त्या दिवशी. फेब्रुवारी २०२३ मध्ये केरळच्या मुख्यमंत्र्यांच्या कार्यक्रमाआधी कोळिकोडच्या मीनचंदा येथील शासकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांना काळे कपडे आणि काळे मास्क नकोत, असे सांगण्यात आले. त्याच वर्षी ३० जूनला दिल्ली विद्यापीठाच्या शताब्दी समारोपाला पंतप्रधान आले; त्यांचे भाषण पडद्यावर पाहण्यासाठी जमणाऱ्या विद्यार्थ्यांनी काळे कपडे घालू नयेत, अशी सूचना हिंदू कॉलेजात निघाली. त्याच आठवड्यात तमिळनाडूत सेलम येथील पेरियार विद्यापीठाने राज्यपालांच्या उपस्थितीतील दीक्षान्त समारंभासाठी, पोलिसांच्या सल्ल्याचा हवाला देऊन, हीच मनाई केली. ज्या पेरियार रामसामी यांच्या अनुयायांची ओळखच काळा सदरा ही आहे, त्यांच्या नावाच्या विद्यापीठात! टीका झाल्यावर सेलमचे परिपत्रक मागे घेण्यात आले.

तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या पक्षांची सरकारे होती. पाहुण्यांत मुख्यमंत्री, पंतप्रधान आणि राज्यपाल होते. काळा रंग कुणाची बदनामी करत नाही, कुणाला चिथावत नाही, कुणाच्या जातीधर्माला हिणवत नाही. तो फक्त असहमती दाखवतो, आणि तीही दाखवेलच असे नाही. कित्येकांकडे चांगला असा एकच काळा सदरा असतो. या सूचनांना कोणत्याही कायद्याचा आधार दाखवण्यात आला नव्हता. किडंगूरच्या कसोटीवर त्या टिकणे अवघड आहे.

पण त्या कसोटीवर त्या येतच नाहीत. अशी सूचना समारंभाच्या एक-दोन दिवस आधी निघते आणि समारंभ संपताच निरुपयोगी होते. याचिका लिहून, वकील गाठून, सुनावणीची तारीख मिळेपर्यंत पाहुणे परतलेले असतात. विद्यार्थ्याला पदवी हवी असते, घरून आईवडील आलेले असतात, छायाचित्रकार थांबलेला असतो. तो पांढरा सदरा घालून जातो. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर नवा कागद लागतो.